निन्नियूरची सावित्री

मंगळवार, तिरुचिरापल्ली

ॲसिटोन विमानात चालत नाही, रेल्वेतही नेऊ देत नाहीत. त्यामुळे पुण्याहून निघालेले आम्ही दोघं तिरुचीत उतरलो ते सामान घेऊन थेट प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात. ॲसिटोनची बाटली, हायड्रोक्लोरिक आम्ल, दगड घासायची तीन प्रकारची कार्बोरंडम पूड, वीतभर लांबीची जाड काच. दुकानदाराने आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि शेवटी कॉलेजचं लेटरहेड मागितलं. ते तिने पर्समध्ये घेतलेलंच होतं. ती म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी. आता स्वतः भूशास्त्र शिकवते आणि चुनखडीतल्या हरित शैवालांवर काम करते. मी निवृत्त. दगड उचलायला बरोबर चाललोय, असं घरी सांगून आलोय.

सगळा खटाटोप एका स्लाइडसाठी. इथून जवळच्या, अरियलूर भागातल्या निन्नियूर गावच्या चुनखडीचा एक पातळ छेद तिने पूर्वी केला होता. त्यात मिलिमीटरभर व्यासाची एक नळी कापली गेलीय, आणि नळीच्या भिंतीत चहूबाजूंनी भोकं. ही नळी डॅसिक्लॅड शैवालाची, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो हे शैवाल ओळखीचं की नवं, याबद्दल.

डॅसिक्लॅड हा प्रकार विलक्षण आहे. अख्खी वनस्पती एकाच पेशीची. मधे दांडा, दांड्यावर थोड्या थोड्या अंतराने फांद्यांची वर्तुळं, काहींत त्या फांद्यांच्या टोकांना आणखी बारीक फांद्यांचे झुबके. समुद्रात जगत असताना या फांद्यांच्या मधल्या जागेत चुना साचतो. पेशी मेली, कुजली की चुन्याचं वेष्टन मागे राहतं आणि दांडा-फांद्यांच्या जागी नुसत्या पोकळ्या. आम्ही स्लाइडवर पाहतो ती मुळी वनस्पती नव्हेच. ती जिथे नव्हती तेवढी जागा आम्हाला दिसते, आणि त्यावरून ती कशी होती ते सांगायचं.

निन्नियूरच्या या शैवालांचं पहिलं मोठं वर्णन १९३६ मधलं. बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजचे एल. रामराव आणि व्हिएन्नाचे युलियस पिया यांनी मिळून केलेलं. पिया म्हणजे या विषयातला त्या काळचा शेवटचा शब्द. डॅसिक्लॅडवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९२० चा. निन्नियूरच्या दगडात त्यांना जे सापडलं त्यांची नावं जरा ओळीने वाचा: डिसोक्लॅडेला सावित्रिए, इंडोपोलिया सत्यवंती, ॲसिक्युलॅरिया द्युमत्सेने, ओरिओपोरेला मालविए. सावित्री, सत्यवान, सासरा द्युमत्सेन, आई मालवी. महाभारतातलं अख्खं कुटुंब लॅटिन विभक्ती लावून चुनखडीत नेऊन बसवलंय. नावं अधिकृतपणे पियांच्या खात्यावर आहेत, पण कल्पना रामरावांचीच असणार, असं मला आपलं वाटतं.

तिच्या स्लाइडमधलं शैवाल सावित्रीच्या जवळचं आहे. फरक एकच: सावित्रीच्या मुख्य फांद्यांच्या टोकाला बारीक फांद्यांचा झुबका असतो, हिच्या शैवालात तो दिसत नाही.

"मग नवीच," मी पुण्यातच म्हणालो होतो.

"किंवा झिजलेली सावित्री," ती म्हणाली होती.

बुधवार, अरियलूर

तिरुचीहून सकाळी निघालो. गाडीचा ड्रायव्हर अण्णा बरीच वर्षं धारावीत राहिलेला, त्यामुळे भाषेचा प्रश्नच मिटला. मुंबईची हिंदी बोलतो आणि मधेच "चला, चला, लवकर" असं मराठी टाकतो.

हा रस्ता भूशास्त्राच्या माणसासाठी फार सोयीचा आहे. थर पूर्वेकडे हळूहळू कललेले, त्यामुळे पूर्वेला जाल तसा दगड तरुण होत जातो. आधी लागतं कल्लक्कुडी. स्टेशनला तेव्हा दालमियापुरम म्हणत. ते नाव बदलून कल्लक्कुडी करा म्हणून १९५३ मध्ये करुणानिधी इथेच रुळांवर आडवे झाले होते. अण्णाने ती गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली. आम्ही दोघं मात्र खाणीकडे बघत होतो. इथली करडी चुनखडी क्रिटेशियसच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, मध्यावरची, साधारण अकरा कोटी वर्षांपूर्वीची, प्रवाळांची आणि शैवालांची. पण आमची नव्हे.

अरियलूर जवळ आलं की झाडांचा रंग बदलतो. रस्त्याच्या कडेच्या वेड्या बाभळींवर सिमेंटची पूड बसलेली. ट्रकामागून ट्रक. इथली चुनखडी म्हणजे सिमेंट कारखान्यांचा कच्चा माल, आणि त्याच खाणींनी जीवाश्म उघडे पाडले हेही खरं. कल्लनकुरिच्चीच्या थरात ग्रिफिया या शिंपल्यांचा इतका खच आहे की दगड कमी आणि शिंपले जास्त. खाणीत आत जायची परवानगी मिळाली नाही, बाहेरच्या ढिगावर समाधान मानलं. वारणवासीला जीवाश्मांचं संग्रहालय आहे, तिथे तासभर गेला. शाळेची सहल आली होती. मुलांना फक्त डायनोसॉर हवा होता.

डायनोसॉर हवा असेल तर कल्लमेडु. चुनखडीच्या वरचे वाळूचे आणि चिकणमातीचे थर, क्रिटेशियसच्या अगदी शेवटचे. इथल्या हाडांवर मॅटली या भूवैज्ञानिकाने १९२९ मध्ये लिहिलं. पुढे १९८० च्या दशकात इथूनच एका प्रचंड प्राण्याची हाडं वर्णन करून त्याला नाव दिलं गेलं: बृहत्कायोसॉरस मॅटलेई. पहिल्यांदा तो मांसाहारी ठरवला, नंतर बहुतेकांचं मत पडलं की तो लांब मानेचा शाकाहारी असावा. जगातला सर्वांत मोठा म्हणूनही त्याचं नाव घेतलं जातं. आणि ती हाडं? ठिसूळ होती, त्यांचा भुगा झाला. आता आहेत ती रेखाचित्रं आणि नाव.

"बघा सर," ती कल्लमेडुच्या लाल मातीत उकिडवी बसून म्हणाली, "म्हणून मला घाई नको."

याच सुमाराला आमच्या सह्याद्रीत लाव्हा ओतला जात होता. आम्ही बसाल्टची माणसं. पुण्याच्या आसपास हातोडी मारली तर झिओलाइट हे खनिज मिळतं, शिंपला मिळत नाही. त्या लाव्ह्याच्या आगेमागे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर संपले, आणि त्यानंतर इथे उथळ, उबदार समुद्र आला. त्याचा गाळ म्हणजे निन्नियूर.

गुरुवार, निन्नियूर

नकाशावर जुनं स्पेलिंग एक, पाटीवर दुसरं, पण गाव तेच. सेंदुरैच्या बाजूला. काजूच्या बागा, भुईमुगाची शेतं, मार्चचं ऊन. इथे कडा नाही, दरी नाही, नावाजलेलं काहीही दिसत नाही. दगड दिसतो तो शेताच्या बांधावर रचलेला, ओढ्याच्या काठाला उघडा पडलेला आणि विहिरीतून काढून बाजूला टाकलेल्या ढिगात. फिकट पिवळसर चुनखडी, कुठे वाळूमिश्रित, कुठे गुळगुळीत.

ढिगावरचा पहिला दगड फोडतोय तोवर शेताची मालकीण आली. साठीच्या पुढच्या, हातात विळा. त्यांचा पहिला प्रश्न अण्णाने भाषांतर न करताच कळला: "सिमेंट कंपनी?" या भागात हातोडी घेऊन फिरणारा माणूस म्हणजे जमीन मागायला आलेला, हे गृहीतच. अण्णाने बराच वेळ समजावलं. शेवटी तिने त्यांच्या हातात भिंग दिलं आणि दगडाची ताजी बाजू डोळ्यासमोर धरली. अम्मांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि अण्णाला काहीतरी म्हणाल्या.

"बोलती है, इसमें छोटा छोटा चूडी है," अण्णा म्हणाला.

त्या दिवसातलं सर्वांत अचूक शास्त्रीय निरीक्षण तेच होतं. आडव्या कापलेल्या डॅसिक्लॅडच्या नळ्या भिंगातून अगदी तशाच दिसतात.

मग काम सुरू. प्रत्येक नमुन्यावर क्रमांक, वरच्या बाजूचा बाण, जीपीएस, वहीत नोंद, कापडी पिशवी. तिचा कटाक्ष असा की ढिगातले दगड वेगळ्या पिशवीत आणि जागच्या थरातले वेगळ्या. ढिगातल्या दगडाला पत्ता नसतो. नवी प्रजाती मांडायची तर ज्या नमुन्यावर नाव टांगायचं तो होलोटाइप, तो कुठल्या गावचा, कुठल्या थरातला, हे सांगावं लागतं. वनस्पतींच्या नावांची आंतरराष्ट्रीय नियमावली जीवाश्म शैवालांनाही लागू आहे आणि ती फार कडक आहे: चित्र हवंच, १९९० पासून होलोटाइप कुठल्या संस्थेत ठेवला ते छापावं लागतं, १९९६ पासून वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत हवं. आजच्या, जिवंत वनस्पतींसाठीची लॅटिनची सक्ती गेली तेव्हा मी नोकरीत होतो. आमच्या विभागात त्या दिवशी चहा मागवला होता.

दुपारी विहिरीत डोकावलो. पाण्याच्या वर दोन-तीन पुरुष उंचीची भिंत उघडी. वर वाळूची चुनखडी, आणि खाली, पाण्याला लागून, गडद, बारीक कणांचा चिखलाचा थर. ती बराच वेळ त्या खालच्या थराकडे बघत राहिली. वाळू साचते ती लाटा खेळत्या पाण्यात. तिथे नळ्या घासल्या जातात, बाहेरचा पापुद्रा जातो, आणि झुबके पहिल्यांदा जातात. चिखल साचतो तो शांत पाण्यात. झुबके खरोखर नसलेली नळी हवी असेल तर ती चिखलात मिळायला हवी. अण्णाने दोरी धरली, ती पायऱ्यांच्या खोबणीतून खाली उतरली आणि पाण्याच्या वरच्या कडेने दोन ढेकळं काढून आणली. त्याहून खाली पाणी.

रात्री लॉजच्या बाथरूममध्ये कारखाना. काचेवर पाणी आणि कार्बोरंडम घालून दगडाचा पृष्ठभाग घासायचा, आधी जाड पूड, मग मधली, मग बारीक. फरशीवर राखाडी काला. धुतलेला पृष्ठभाग सौम्य आम्लात दहा सेकंद. बारीक बुडबुडे येतात, चुनखडीतलं कॅल्साइट किंचित खालावतं आणि जे कमी विरघळतं ते उठून राहतं. पुन्हा धुवायचं, बोट न लावता वाळवायचं. मग दगड जरा तिरपा धरून ॲसिटोन ओतायचं आणि लगेच ॲसिटेटची पारदर्शक फिल्म एका कडेपासून टेकवत न्यायची. घाई केली की हवेचा फुगा अडकतो आणि नेमका हव्या त्या नळीवरच अडकतो. अर्धा तास थांबून फिल्म सोलली की दगडाचा पृष्ठभाग त्या फिल्मवर उमटलेला. याला पील म्हणतात. औपचारिक वर्णनाला शेवटी ०.०३ मिलिमीटर जाडीचा खराखुरा छेदच लागतो, पण लॉजमध्ये रात्री अकराला पीलइतकं दुसरं काही उपयोगी नाही. खिडक्या सताड उघड्या, पंखा पूर्ण, तरी वास खोलीभर.

शुक्रवार, अरियलूर

रात्रीचे पील लॅपटॉपला जोडलेल्या छोट्या मायक्रोस्कोपखाली. इथे वाचकाला एक अडचण सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडतं. पडवळ चिरताना सुरी सरळ फिरली तर गोल चकती, तिरकी फिरली तर लांबट, उभी फिरली तर दोन समांतर पट्ट्या, आणि नुसती सालीवरून गेली तर पोकळीचा पत्ताच नाही. दगडातल्या नळीला सुरी कशी लागणार हे आपल्या हातात नसतं. एकच प्रजाती चार वेगळ्या आकृत्या दाखवते, आणि या विषयाच्या इतिहासात अशा आकृत्यांना चार नावं देऊन मोकळे झालेले लोक काही थोडे नाहीत.

म्हणून मापं. बाहेरचा व्यास, आतल्या पोकळीचा व्यास, दोन्हींचं गुणोत्तर, एका वर्तुळात फांद्या किती, दोन वर्तुळांतलं अंतर. आणि एका नळीचं नाही, अनेकींचं, कारण त्याच शैवालाचा बुडखा जाड आणि शेंडा बारीक असू शकतो.

वाळूच्या चुनखडीत सावित्री मुबलक. काही नळ्यांना झुबके स्पष्ट, काहींना अर्धे, काहींना काहीच नाही. एकाच पीलवर झिजण्याच्या सगळ्या पायऱ्या. माझा उत्साह इथे जरा उतरला. एक ॲसिक्युलॅरियाही दिसलं. ते नळी नव्हे, प्रजननाच्या छत्रीचा तुकडा, ज्यात बीजकोषांच्या गोल खळ्या असतात. सासरे हजर, एवढं मी म्हणालो. तिने वर पाहिलंही नाही.

विहिरीतल्या ढेकळांवर तिने वेगळा प्रयोग केला. एक पील काढायचा, पृष्ठभाग किंचित घासायचा, पुन्हा पील, पुन्हा घासायचं. असं करत करत एकाच नळीतून पायरीपायरीने खाली जायचं. दुपारी तीनच्या सुमाराला तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. बारीक चिखलात रुतलेली नळी. बाहेरची कड अखंड, गुळगुळीत, कुठेही खरवडलेली नाही. फांद्या भिंतीतून बाहेर येतात आणि कडेला थेट उघडतात. झुबका नाही.

"झालं की मग!" मी म्हणालो. "नाव काय द्यायचं? कथेत अजून नारद आहे, यम आहे."

"सर, ही एक आहे."

"होलोटाइप एकच लागतो."

"होलोटाइप एकच लागतो, प्रजाती एकावर ठरत नाही. आणि छेद बघा, जरा तिरका आहे. झुबका छेदाच्या पातळीत आलाच नसेल तर?"

"पुढच्या पीलमध्येही नाही आला."

"पुढच्या पीलमध्ये फिल्मला फुगा आलाय."

आला होता. त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी डोकं निवळायला गंगैकोंडचोळपुरम. राजेंद्र चोळाची अकराव्या शतकातली राजधानी. शिखराची अंतर्वक्र रेषा उतरत्या उन्हात बघण्यासारखी आहे. मंदिर कठीण दगडाचं. आजूबाजूला एवढी चुनखडी असून बांधणाऱ्यांनी तिला हात लावला नाही.

जेवताना अण्णाला सावित्रीची गोष्ट सांगितली. त्याला ती माहीत होतीच. वटपौर्णिमा इकडे नाही. इकडे काही घरांतून मार्चच्या मध्याला, मासी महिना संपून पंगुनी लागताना काराडैयान नोन्बु करतात, सावित्रीच्याच नावाने, आणि तांदळाच्या पिठात चवळी घालून केलेल्या अडैबरोबर लोणी ठेवतात. सावित्री इथल्याच दगडात आहे हे ऐकून मात्र तो हसायला लागला. "किधर? वो कुएँ में?"

शनिवार, मंडपम

पहाटे निघून दक्षिणेला. लांबचा पल्ला, पण तिला जिवंत नातेवाईक बघायचे होते. डॅसिक्लॅडचा एक सुवर्णकाळ पॅलिओसीन, म्हणजे निन्नियूरचाच काळ. आज जगभर मिळून त्यांच्या पन्नासेक प्रजाती उरल्यात. मंडपमच्या किनाऱ्यावर हमखास दिसतं ते दुसरं चुनेदार हरित शैवाल, हॅलिमेडा. चपट्या कड्या एकमेकींना जोडलेल्या, प्रत्येक कडीत चुना. मन्नारच्या आखातातली बेटं १९८६ पासून सागरी राष्ट्रीय उद्यानात आहेत, त्यामुळे पाण्यातून काही काढायचं नाही. आम्ही भरतीच्या रेषेवर, लाटेने फेकलेल्या कचऱ्यात बघत गेलो.

तिला हवं होतं ते मिळालं. एक कडी ताजी, हिरवट, वरची साल घट्ट. दुसरी वाळलेली पांढरी, साल शाबूत. तिसरी लाटांनी घासलेली, साल गेलेली आणि आतल्या नळ्यांची भोकं उघडी. तिन्ही तिने वाळूवर शेजारी ठेवून फोटो काढले, खाली पट्टी ठेवून. तिसरी कडी एकटी सापडली असती तर वेगळी वनस्पती म्हणून खपली असती. फोटो काढून कड्या तिथेच ठेवल्या.

रामेश्वर एवढं जवळ असून न जाणं मला जमलं नसतं. आजी काशी-रामेश्वर करून आली होती. इथली वाळू नेऊन ती प्रयागला गंगेत सोडायची, अशी ती यात्रा. अग्नितीर्थावर मी चिमूटभर वाळू तळहातावर घेऊन भिंगाखाली धरली. शिंपल्यांचा चुरा, प्रवाळाचा चुरा, क्वार्ट्झचे कण. हॅलिमेडा नव्हतं. "आजीच्या पुण्याला धक्का नाही," ती म्हणाली.

रविवार, तिरुचिरापल्ली

येताना अण्णाने आग्रहाने निन्नियूरवरून गाडी घेतली, वळसा पडतो तरी. अम्मांना तिने कबूल केल्याप्रमाणे पीलचा एक फोटो छापून दिला. अरियलूरच्या फोटो स्टुडिओत सकाळी काढून घेतलेला. चुड्यांचा. विहिरीबद्दल विचारलं. पाणी मे महिन्यात आणखी दोन पुरुष खाली जातं आणि तो काळा थर पूर्ण उघडा पडतो, असं त्या म्हणाल्या. दोरी त्यांच्याकडे आहे, माणूस त्या देतील, मात्र भुईमूग काढून झाल्यावर या.

विमानतळावर दगडांचं वजन ठरलेल्या मर्यादेच्या बरंच वर गेलं. ढिगातल्या, पत्ता नसलेल्या दगडांची पिशवी अण्णाकडे राहिली. तो म्हणाला, पोराच्या शाळेत देतो. विहिरीतली दोन ढेकळं तिने हँडबॅगेत घेतली, तपासणीच्या यंत्राने ती दोनदा बाहेर काढायला लावली, आणि लेटरहेड पुन्हा कामाला आलं.

पुण्यात परतल्यावरची यादी तिने रांगेत उभ्या उभ्या सांगितली. ढेकळांचे छेद करायचे, निदान वीस पुरे आडवे छेद मिळेपर्यंत. १९३६ च्या आकृत्यांवरून सावित्रीची मापं नव्याने घ्यायची. मूळ नमुने जिथे असतील तिथे पत्र लिहायचं. नावाची चर्चा सर्वांत शेवटी.

"आणि मे महिन्यात?" मी विचारलं.

"मेमध्ये पेपर तपासणी असते. रजा मागावी लागेल." तिने फोन काढला आणि प्राचार्यांना अर्ज टाईप करायला सुरुवात केली. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं यावर ती जरा अडली. मी म्हटलं, "विहीर" लिही.